ती म्हणजे हात

भिंतीवरचा तक्ता मीच लिहिला, तीन रविवार बसून.
योई, तयार. हाजिमे, सुरू. यामे, थांबा.
माआई, दोघांमधलं अंतर.
झानशिन, ठोसा संपल्यावरही न संपणारं लक्ष.
तळाशी आकडे: इची, नी, सान, शी.
वर प्लास्टिक चढवलं,
कारण इतोमान बंदराचा खारा वारा
कागदाला चार दिवसांत पापडासारखा फुगवतो.

तोकेशी सेन्सेई तक्त्यापुढे बराच वेळ उभे राहिले.
"अक्षर चांगलं आहे," म्हणाले.
एवढंच.

त्यांच्या पाटीची गोष्ट मला फार उशिरा कळली.
फरशीच्या फळ्या पुसताना, मान वर न करता,
त्यांनी सांगितली:
शाळेत पाय बाकावर आपटला
आणि तोंडून घरचा शब्द निसटला. आगा!
टोकियोची मुलं तसं कळवळत नाहीत म्हणे.
गळ्यात लाकडी पाटी आली.
दुसरं कोणी घरच्या भाषेत सापडेपर्यंत
ती घालूनच बसायचं.
सुटायची वाट एकच,
शेजाऱ्याच्या पायावर टाच द्यायची, तो ओरडेपर्यंत.

"दिलीत?"
फडकं पिळलं त्यांनी.
"चोमेईच्या पायावर. जोरात."

घरी कराते नव्हतं.
मासे मारून आलेला बाप ओल्या अंगाने म्हणायचा,
चल, ती करू.
ती म्हणजे हात.
वाळूत उभं करायचा, कमरेवर थाप मारायचा: गामाकु!
बरगडी संपते आणि हाड सुरू होतं
तिथलं चार बोटं मांस,
तिथून मारायचं, खांद्यातून नाही.
मुचिमि म्हणायचा. हात चिकट हवा,
भाताच्या गोळ्यातून उपसल्यासारखा.
हे शब्द माझ्या तक्त्यावर नाहीत.
मला कोणी सांगितले नव्हते,
आणि खरं तर
मी विचारले नव्हते.

मागच्या ऑक्टोबरात त्यांच्या डोक्यातली एक शीर फुटली.
नाहाच्या डॉक्टरीणबाई हळू बोलत होत्या,
भाषा गेली आहे, थोडी परत येईल कदाचित.
भाषा गेली नव्हती.
वरची गेली होती.
किटलीकडे बोट दाखवून ते काहीतरी मागत होते,
आणि खोलीत झाडू मारणाऱ्या साठीच्या बाईला
ते लगेच कळलं.
तिने पाणी दिलं, मग तोंडाला रुमाल लावून
बाहेर गेली.

आज ते आले. काठी, डावा पाय ओढत.
अकरा मुलं रांगेत, पट्टे नीट.
बर्फाच्या कारखान्यातली पाळी संपवून मी धावतच पोचलेली,
बोटं अजून बधिर.
मी "योई" म्हटलं आणि बाजूला झाले,
पुढचं त्यांनी म्हणावं म्हणून.

ओठ हलले.
इची येईना.
मुलं मुठी कमरेला लावून थांबलेली.
धाकट्या साकुयाने माझ्याकडे पाहिलं,
मी तक्त्याकडे पाहिलं.
काय मूर्खपणा, ते काय वाचणार होते?

मग काठी फळीवर एकदा वाजली.
"तीची."
कोणी हललं नाही.
पुन्हा काठी. "तीची."
रिनाची मूठ सुटली, तिच्यामागे बाकीच्या.
"ताची." अकरा मुठी.
"मीची. यूची."
आवाज आता घशातून नव्हता येत,
खालून येत होता, त्या चार बोटांच्या जागेतून.
मुलांना एकही आकडा ठाऊक नव्हता
आणि एकही मूठ चुकली नाही.
"इचिची. मूची. नानाची. याची."
मी कधी रांगेत शिरले कळलं नाही.
"कुकुनुची."
मग श्वास. लांब.
दहाव्यासाठी त्यांनी काठी उचलून
सरळ आमच्यावर रोखली.
"तू!"

खिडकीच्या काचा थरथरल्या आमच्या ओरडण्याने.
कोणी मूठ खाली घेतली नाही.
आता यामे म्हणायचं असतं, ते माझं काम.
मी तोंड उघडलं,
आणि मिटलं.

काठी पुन्हा वाजली. "तीची."